दे की हातात सुरी

बायांनो, आज उस्मानपुऱ्यात सुरी घेतली. भाजी विकून मी हर्सूलला एकटीच घरी जाते, अन् काल एक मेला पार घराच्या कोपऱ्यापस्तोर मागं आला.

दुकानदार घडीचा चाकू दाखवाय लागला. म्हणलं, "वेळेला उघडत बसू व्हय? सरळ पात्याची दाखव. स्वस्तातली, पण मूठ घसरणारी नको."

तशी मिळाली. त्यानं ती माझ्याम्होरं फळीवर ठेवली. "उचला मावशी. सुरी हातात दिली की भांडण होतं."

"मग दे की हातातच. नवरा गेल्यापासून भांडायला कुणी नाय."

तो लई हसला. सुरी फळीवरच राहिली. मीच उचलली.

आज कुणाच्या घरी कशावरून भांडण झालं, लिहा खाली. वाचत बसते.