गारगोट्यांचे मास्तर

रस्त्याने चालता चालता मास्तर मध्येच वाकायचे, एखादी गारगोटी उचलून धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणायचे, "हिला माणसाचा हात लागलाय." बरोबरचा माणूस तोवर पुढे निघून गेलेला असे. त्याचे त्यांना काही नसे.

रत्नागिरीच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी संस्कृत. ही १९३०च्या आगेमागची गोष्ट. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याची सगळे थट्टा करतात, पण तो एक दिवस आला नाही तर कोणालाच चैन पडत नाही. लोखंड ठाऊक नव्हते तेव्हा माणसाने दगडाची हत्यारे केली, आणि ती आपल्या कोकणातही केली, हा मास्तरांचा ध्यास. रविवार आला की डोंगरमाथ्याच्या कातळसड्यावर नाही तर नदीच्या पात्रात हिंडून टोपली भरून आणायचे. ठोका कुठे बसला, कपची कशी उडाली, हे मला दाखवायचे. मी मान डोलवायचो. मला गारगोटी ती गारगोटीच दिसे.

"अहो, ही भूमी परशुरामाने समुद्र हटवून काढली," हेडमास्तर चिडवायचे. "तुमचा रानटी माणूस इथे आला कुठून? पोहत?"

"परशुरामाच्या हातात परशू होता," मास्तर शांतपणे म्हणायचे. "त्याच्या पणजोबाच्या हातात काय होतं, ते बघतोय."

घरी त्यांच्या बायकोचे, वहिनींचे, निराळेच. "आमच्याकडे मीठ संपेल एक वेळ, दगड नाही संपायचे."

अशात मुंबईचे एक मोठे विद्वान आगबोटीने येणार असे कळले. एका रात्रीचा मुक्काम. त्यांनी होय म्हटले तर कोकणातला आदिमानव पुस्तकात जाणार. नाही म्हटले तर मास्तरांची सारी पायपीट वेडात जमा. टोपलीतल्या दगडांवर शंका घेता आली असती. पण एक दगड बिनतोड होता. वीतभर लांब, दोन्ही अंगांनी तासलेला, टोकदार. खाडीपलीकडच्या एका गावात नांगरताना तो निघाला होता. विजेबरोबर आभाळातून पडला, असे समजून गावकऱ्यांनी तो राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, पायाशी ठेवला होता.

तो मागायला मास्तर निघाले. मीही गेलो. गुरव म्हणाला, देवाला कौल लावावा लागेल. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"गुरुजी, आठ दिसांसाठी न्हेतो म्हना," तो हळूच म्हणाला. "मी तसं गाऱ्हानं घालतो. देव आडवा यायचा नाय."

म्हणा, अशी मी डोळ्यांनी खूण केली.

"पण मुंबईचे लोक तो परत देतील याची खात्री नाही मला," मास्तर म्हणाले. "कायमचा जाईल, असंच विचार."

गुरवाने माझ्याकडे पाहिले. मी कपाळाला हात लावला.

"बा म्हाराजा, तुज्या पायाकडला ह्यो दगड गुरुजी कायमचा न्हेतायत. तुजी मर्जी असंल तर उजवा दे."

"व्हय म्हाराजा!" जमलेली मंडळी म्हणाली. त्यांत मास्तरांचा आवाज सर्वांत मोठा.

बराच वेळ काही पडेना. मग डावी पाकळी सुटली.

परतताना होडीत मी उखडलो. "तुमचा कौलावर विश्वास नाही. मग आठ दिवस म्हणायला काय झालं होतं?"

"माझा नाही. त्यांचा आहे ना?" मास्तर म्हणाले. "मागायला आपण गेलो होतो."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी तितकीच मायाही वाटत होती. होडी धक्क्याला लागताच मी आधी उतरलो आणि त्यांना हात दिला.

विद्वान आले. त्यांनी टोपली सौजन्याने पाहिली. "असे दगड नदीतही फुटतात," म्हणाले. राखणदारापाशी ठेवलेल्या दगडाबद्दल म्हणाले, "न पाहता मी काय सांगू?" सकाळी त्यांची बोट सुटली. मास्तर त्यांना बंदरावर पोचवून आले आणि तिसऱ्या तासाला मुलांना नाईल नदी शिकवली. पुढच्या रविवारी पुन्हा टोपली घेऊन बाहेर पडले.

काही वर्षांनी मास्तर तापाने गेले. वहिनी भावाकडे दापोलीला जायला निघाल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावले. पडवीत टोपल्या मांडून ठेवल्या होत्या.

"भावोजी, यांतले माणसाने केलेले तेवढे निवडून द्या. तेवढे नेते. बाकीचे कुंपणाच्या गडग्यात घालू."

मी बसलो. एकेक गारगोटी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. ठोका कुठे, कपची कुठे, काही समजेना. विचारायचे तरी कोणाला? उन्हे कलली तरी मला एकही दगड बाजूला काढता आला नव्हता.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "सगळेच नेते."

भांड्यांच्या आधी टोपल्या गाडीत चढल्या.