घरच्यासाठी वेगळी पिशवी

नांदेडला घरबसल्या तुरीची डाळ ऑनलाइन विकायची ठरवलं, तेव्हा माल कुणाकडून घ्यायचा हाच खरा प्रश्न होता. म्हणून लातूरला जाऊन एका दिवसात चार डाळमिली पालथ्या घातल्या. तिघांनी नमुन्याच्या पुड्या दिल्या, भाव सांगितला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. चौथ्याने नमुना दाखवलाच नाही. "आधी जेवा ताई, धंदा कुठं पळून चाललाय," म्हणत घरी नेलं आणि बायकोच्या हातचं वरण वाढलं. तसं वरण मी माहेर सुटल्यापासून खाल्लं नव्हतं. बाकीच्या तिघांच्या पुड्या पर्समध्ये तशाच राहिल्या. वरण खाऊन मिल निवडणारीला शहाणी कोण म्हणेल?

पाकिटं माझं लेबल लावून मिलमध्येच भरून यायची. लेबलावर मी हौसेने छापून घेतलं होतं, 'आमच्या घरात शिजते तीच डाळ'. प्रत्येक खेपेला खोक्यांबरोबर एक कापडी पिशवीही यायची. तोंड शिवलेलं, वर पेनाने लिहिलेलं, 'ताईंच्या घरी'. तिचे पैसे तो घ्यायचा नाही. दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी व्हायची. लातूरला मला भाऊ मिळाला, असं मी शेजारणींना सांगत सुटले होते.

मग तक्रारी यायला लागल्या. डाळ शिजत नाही. आमच्या घरी तर छान शिजत होती, म्हणजे दोष लोकांचाच. बोअरचं पाणी वापरू नका, आधी भिजवत चला, असली उत्तरं मी ठोकून देत होते. पुण्यात राहणाऱ्या एका बाईंनी चिडून लिहिलं, "मी नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरची आहे. डाळ शिजवायला मला शिकवू नका." मी उलट लिहिलं, "कुकरचं रबर बदला."

एकदा पाहुणे आले आणि नेमकी घरची पिशवी संपलेली. विक्रीचं एक पाकीट फोडलं. सात शिट्ट्या झाल्या तरी दाणे एकीकडे, पाणी एकीकडे. दुसरं फोडलं, तेच. ओट्यावर ती रिकामी पिशवी पडली होती. तिच्यावरचं 'ताईंच्या घरी' पुन्हा वाचलं आणि कळलं, चांगली डाळ फक्त माझ्याच घरी येत होती.

मिलवाल्याला फोन केला. त्याने नाकारलंसुद्धा नाही.

"तुमच्या घरी कधी वाईट दाणा गेला का, ताई? जुना माल कुठंतरी काढावाच लागतोय. ऑनलाइनवाल्याला काय कळायलंय?"

"त्या पाकिटावर माझा शब्द होता."

"पर तुम्ही ती कशाला शिजवली? पिशवी संपली म्हणून सांगायचं की." त्यालाच वाईट वाटलं होतं.

मला रागाने रडू आलं. फसवणाऱ्याने निदान परक्यासारखं तरी वागावं. याने मला प्रेमाने जेवू घातलं आणि माझ्याच तोंडून लोकांशी खोटं बोलला.

हिमायतनगरच्या बाईंना मी स्वतः फोन लावला. म्हटलं, चूक माझी, डाळच खराब होती.

"तुम्ही म्हणालात म्हणून रबर बदललं मी," त्या म्हणाल्या. "तरी शिजंना, म्हणून नवा कुकर आणलाय."