सुकाणूची तलवार

"बोलाचा तां बोल, पण बोट दाखव नको."

आबांचं हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर यायचं. शेडमध्ये शिरलेला प्रत्येक माणूस दगडाकडे बोट करून सल्ला द्यायचाच. आबा छिन्नी मांडीवर ठेवायचे, दगडावरची भुकटी फुंकायचे आणि त्या माणसाचं बोट हळूच धरून खाली करायचे. "बोट दाखवलंस काय माझी नजर थयसरच अडाकता, रे." खरंखोटं त्यांनाच ठाऊक. मला वाटतं, बोट खाली गेलं की माणसाचं बोलणंही निम्मं होतं, हे त्यांनी हेरलं होतं.

माझी चहाची टपरी त्यांच्या शेडच्या पुढच्या पडवीत. मी परभणीकडची, सहावीत शाळा सुटलेली. नवरा चिरेखाणीवर कामाला, म्हणून मालवणच्या बाजूला आले. पहिल्याच वर्षी दोन ठिकाणांहून मला उठवलं. तिसऱ्यांदा स्टो खाली ठेवून रस्त्यावर उभी होते, तर आबा आतून म्हणाले, "हयसर मांड गो बाय. चायेत धूळ पडली तर माका चलता. तुझ्या गिऱ्हायकांचा तू बघ."

भाड्याचं नाव त्यांनी काढलं नाही. उलट माझ्या गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून दिली. घरापासून इतक्या लांब कुणीतरी आपला पाटा हातात घेऊन उलटसुलट बघतं, तेव्हा काय वाटतं, ते मला लिहिता येत नाही.

आबांनी जन्मभर चिऱ्याच्या पायऱ्या, तुळशीवृंदावनं, देवळांचे दीपस्तंभ घडवले. माणूस कधी घडवला नव्हता. सत्तरी उलटल्यावर ते काम आलं. गावात कैक पिढ्यांपूर्वी एक तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, होऊन गेला. चार होड्या घेऊन त्याने खाडीचं तोंड अडवलं आणि शत्रूचं गलबत आत येऊ दिलं नाही, असं गाव सांगतं. त्याचा पुतळा जेटीवर बसवायचा. कमिटी झाली, घाटावरून काळा दगड आला. आबांनी दोन दिवस त्याच्याभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. "हो एक जेटयेर उभो रवलो काय मी मोकळो झालंय," म्हणाले.

तांडेलाचं चित्र कुठेच नाही. आबा म्हणाले, "तोंड म्हायत नाय, पण पाय म्हायत आसत." मग माझ्याकडे चहाला येणाऱ्या खलाशांची पंचाईत झाली. आबा त्यांना माझ्या बाकड्यावर अनवाणी उभं करायचे आणि बाकडं गदागदा हलवायचे.

"आबानू, मी पडान मरतलंय!"

"पडाचंस नाय. गप रव, बोटां बघूक दी."

खरंच, बाकडं हललं की त्यांच्या पायाची बोटं फाकायची आणि फळी घट्ट धरायची. तेच पाय दगडात उतरले. वर एक हात सुकाणूच्या दांड्यावर, आणि मान जरा वळलेली, वारा कुठून येतो ते बघणारी.

कमिटी दर आठवड्याला यायची आणि मला धडकी भरायची. माझी टपरी पंचायतीच्या रस्त्याला लागून, आणि कमिटीतले निम्मे लोक पंचायतीतले. एकाला घोडा हवा होता. "घोडो खंय उभो करू? होडयेत?" आबांनी विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "बाजूक." वरच्या वाडीला तांडेलाची मिशी जाड हवी, कारण तो त्यांच्या घराण्यातला. खालची वाडी म्हणे तो आमचा, आणि आमच्यात मिशी कोणीच ठेवत नाही.

शेवटी देवाला कौल लावला. तुम्ही पाहिलं असेल, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली की होकार. वरच्या वाडीने विचारलं, मिशी असू दे काय? उजवी पडली. आठ दिवसांनी खालच्या वाडीने विचारलं, मिशी नसली तर चालेल काय? उजवीच पडली.

"देवाक सगळाच चलता," आबा म्हणाले. "अडाकलंय तो मी."

दगडातून काढता येतं, परत घालता येत नाही. म्हणून ओठावर अंगठ्याएवढा दगड तसाच ठेवून ते थांबले. भात लावून झालं, कापून झालं, ओठ तसाच. सगळा पुतळा पुरा आणि तोंडावर ढेकूळ. माझा जीव नुसता तळमळायचा. आबांचा हात कापायला लागला होता, सकाळचा पहिला चहा बशीत सांडायचा.

"आबा, तुम्हीच ठरवा ना!"

"ठरवलंय गो कधीच. पण माका कोण ईचारता?"

मग एके दिवशी सकाळी ते आंघोळ करून आले. चहा नको म्हणाले, दार लोटून घेतलं. दुपारी उघडलं तेव्हा मिशी होती, बेताची, खाऱ्या पाण्याने चिकटलेली. आणि डोळे उघडले होते. त्यांची रीत अशी, की डोळे सगळ्यांत शेवटी, आणि डोळे उघडले की मग दगडाला हत्यार लावायचं नाही. छिन्न्या धुऊन फडक्यात बांधलेल्या होत्या. मी आत गेले आणि न ठरवता डोक्यावर पदर घेतला.

संध्याकाळी कमिटी आली. पुतळ्याभोवती फिरून झालं. मग अध्यक्ष म्हणाले, "बरो झालो. पण आबानू, हो आमच्या जेटीवरचो खलाशी दिसता. मोठो माणूस वाटाक नाय."

"खलाशीच होतो तो."

"तलवार तरी व्हयी."

एकाला सुकाणूचा दांडा दिसला. "ह्याचीच तलवार करा! नायतरी लांबच आसा. वायच तासलो काय झाला."

"डोळे उघडले. आता हत्यार लागाचा नाय," आबा म्हणाले. "आणि तलवार घेतल्यार होडी कोण धरतलो?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "गो वयनी, तू रोज बघतंस. तू सांग. हो तांडेल दिसता काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबाही. तुम्ही तिथे असता तर काय बोलला असता, मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांपुढे रस्त्यावर ठेवलेला स्टो आला.

मी म्हटलं, "चहा टाकू का सगळ्यांना?"

दुसऱ्या दिवशी आबा एवढंच म्हणाले, "काल चाय बरी झाली गो." त्यात टोमणा होता का, मला अजून कळलेलं नाही. नसेलच. म्हणूनच जास्त लागतं.

जेटीवर फायबरचा पुतळा आला, बाहेरून तयार होऊन. तलवार उपसलेली, मिशा कानापर्यंत. आबांना शाल-नारळ देऊन मागच्या रांगेत बसवलं. परत येताना मी त्यांच्यासोबत रिक्षात होते. शेडजवळ उतरताना म्हणाले, "पायात बूट घातल्यानी गो त्याच्या."

त्याच थंडीत आबा गेले. मुलगा गोव्याला कामाला. त्याने शेडला कुलूप लावलं, पडवी मला राहू दिली. तांडेल आत उभा आहे. त्याला हलवायला क्रेन लागेल, आणि क्रेन कोणी आणायची यावर कमिटी अजून बसलेली नाही.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष चहाला थांबले. कप हातात घेऊन दाराच्या फटीतून आत डोकावले. "अजून हयसरच आसा काय हो?"

मी दुसरा चहा गाळत होते. गाळणी खाली ठेवली.

"तांडेलच आहेत ते," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना. तांडेलच दिसतात."

अध्यक्षांनी फटीवरचा डोळा काढला. एक घोट घेतला.

"आज साखर कमी पडली गो वयनी."

साखर रोजच्याइतकीच होती.