पिल्लू नव्हे, पूर्ण वाढलेला

भामरे सरांची आणि माझी ओळख हजेरीतून झाली. दोंडाईच्याच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्र घेणारी मी एकटीच उरले होते. बाकीच्या मुली संगणकाकडे वळल्या होत्या. रिकाम्या बाकांसमोर उभे राहून सरांनी माझे पूर्ण नाव पुकारले आणि मी 'हजर' म्हणेपर्यंत ते थांबले. पुढे वर्षभर रोज तसेच.

सरांचे सारे काम प्राण्यांच्या खुज्या जातींवर. अंगठ्याएवढे वटवाघूळ, नखावर मावेल असे फुलपाखरू. एखादा जीव लहान दिसला म्हणून त्याला पिल्लू म्हणू नका, आधी तो वाढलेला आहे का ते पाहा, असे ते सांगत. वाघाबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. सरांना त्यांच्या जिवांबद्दल फारसे कोणी विचारत नसे. प्रयोगशाळेत ते एकटे बसलेले दिसत. पत्नी वारल्यापासून घरीही तसेच.

श्रावणात माझे वडील, आबा, मला कायमचे घरी न्यायला आले. आमच्या पाड्यावरून माझ्याआधी कोणी महाविद्यालयात गेले नव्हते, आणि आता वर्गात सोबतीलाही कोणी नाही, याची त्यांना धास्ती होती.

"बठ्ठ्या पोरी गयात, हाई एकली काय शिकी?" आबांनी सरांना विचारले.

सरांनी वाद घातला नाही. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आबांना दिली आणि आम्हाला मैदानामागच्या डबक्यापाशी नेले. तिथे एकसारखा आवाज चालला होता. आबांनी वाकून पाहिले. गवताच्या मुळाशी अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक.

"पिल्लू शे," आबा म्हणाले.

"पिल्लू ओरडत नाही, आबा. ओरडतो तो वाढलेला नर. याची जातच एवढी."

बेडकाचा गळा फुग्यासारखा फुगला. आबा बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी विचारले, "आन याले ऐकस कोन?"

"मादी. एक जरी आली, तरी याचं ओरडणं कामी आलं."

आबा संध्याकाळच्या एस.टी.ने एकटेच परत गेले.

या महिन्यात सरांना साठ वर्षे पूर्ण होऊन ते निवृत्त होत आहेत. त्यांची जागा भरली जाणार नाही, प्रयोगशाळेला कुलूप लागेल, असे कळते. मी आता जळगावच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. यंदा माझ्या वर्गात एकच मुलगी आहे. मी तिचे पूर्ण नाव पुकारते आणि थांबते.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. घर फार शांत वाटू लागले, की त्यांनी इकडे यावे. श्रावणात मी आणि माझी विद्यार्थिनी, आम्ही दोघी इथल्या डबक्याकाठी त्यांची वाट पाहत असू.