पप्पांच्या यकृताचे तीन फोटो : श्रीरामपूर ते नगर

या ब्लॉगवर मी एरवी किल्ल्यांबद्दल आणि मिसळीबद्दल लिहिते. या वेळी किल्ला नाही. श्रीरामपूरला पप्पांच्या पोटाची सोनोग्राफी झाली ती पित्ताशयात खडे आहेत का बघायला. खडे नव्हते, पण यकृतात एक पांढरा ठिपका निघाला. "गाठ आहे. बहुतेक साधी असेल, पण नगरला सीटी करून घ्या," डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडवली आणि मी पुण्याहून गाडी काढली. वाटेत सुप्याला कारखान्यांच्या बसेस सुरू व्हायच्या आत पुढं निघा, नाहीतर तिथंच अर्धा तास जातो.

पप्पांचा श्रीरामपुरात फोटो स्टुडिओ. आमच्या चर्चमधल्या निम्म्या बाप्तिस्म्यांचे आणि लग्नांचे फोटो त्यांनीच काढलेत. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की म्हणायचे, "श्वास धरा," आणि फोटो निघाला की, "हला आता." लहानपणी माझा फोटो काढताना ते दुसरं वाक्य विसरले, आणि आईनं जेवायला हाक मारेपर्यंत मी तशीच ताठ बसून राहिले. त्यावरून घरात अजून माझी चेष्टा होते.

मी पोचले तर त्यांनी सोनोग्राफीचा कागदच पुढं केला. "धुक्यातला फोटो हाय ह्यो. कुनीतरी उभं हाय एवढं कळतं. कोन ते न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नगर. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : सीटीआधी काही तास पोट रिकामं हवं, आणि शिरेतून औषध सोडतात म्हणून मूत्रपिंडाची रक्ततपासणी आधीच करून ठेवा. राहुरीला मी पेट्रोल भरत होते, तेवढ्यात पप्पा शेजारच्या टपरीवर जाऊन आले. मला वाटलं, पाय मोकळे करत असतील.

सेंटरमधल्या ताईंनी विचारलं, "आजोबा, काही खाल्लंत का?"

"न्हाई. नुसता चहा घेतला. खारी बुडवून."

"मग खाल्लंच की."

"चहा काय खान्यात धरत्यात व्हय?"

दुपारी दोनची वेळ मिळाली. मी चिडले, पण चिडून चहा थोडाच परत येणार. पप्पा म्हणाले, चल, बाजारात जाऊ.

महिन्यातून एकदा ते इथं फोटोचा कागद आणायला यायचे, आणि सुट्टी असली की मी सोबत. परतीच्या एसटीत काळ्या वेष्टणातलं पाकीट माझ्या मांडीवर असायचं. आत उजेड जाईल म्हणून उघडायचं नाही. आपण काहीतरी फार मोलाचं सांभाळतोय असं वाटायचं मला. कागदाच्या त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. पप्पा पायरीवर थांबले. "हितं केमिकलचा वास असायचा," म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "गाठ वाईट निघाली तर स्टुडिओ तूच मोकळा कर. निगेटिव्ह फेकू नको. ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दे." मी हो म्हणाले. मला खूप भीती वाटत होती.

सीटी दहा-पंधरा मिनिटांत झालं. डॉक्टरांनी पडद्यावर थोड्या थोड्या वेळानं काढलेले फोटो दाखवले. औषध आधी गाठीच्या कडेला जमलं होतं आणि हळूहळू आत सरकत होतं. रक्तवाहिन्यांची साधी गाठ अशीच भरते, पण मधला भाग पूर्ण भरला नव्हता. "खात्रीसाठी एमआरआय करू."

पप्पा पुढं वाकून बघत राहिले. "केमिकलच्या ट्रेमधी कागद टाकला की असाच दमानं उमटतो फोटो."

रात्री स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. स्वच्छ होतं, पण डास आहेत. सकाळी एमआरआय. घड्याळ, पट्टा, नाणी सगळं बाहेर ठेवा. आवाज फार होतो आणि अर्धा-पाऊण तास निपचित पडावं लागतं. खर्चही तिन्हींत जास्त, आधी फोन करून विचारा. पप्पा बाहेर आले ते घामेजून. "फोटो ह्याचाच भारी येनार. पर गिऱ्हाइकाला लई दमवतंय." मग आम्ही मिसळ खाल्ली. त्यांनी दोन पाव जास्त घेतले, मला एकही जाईना.

पुण्यात परतल्यावर मैत्रिणी विचारतात, तिन्हींत चांगली तपासणी कोणती? मी सांगते, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. सोनोग्राफीनं ठिपका दाखवला म्हणून तर पुढचं कळलं. माझ्याजवळ मात्र एमआरआयनंतरची, श्रीरामपूरला परतल्यावरची ती संध्याकाळ राहिली आहे. आम्ही स्टुडिओत होतो आणि डॉक्टरांचा फोन आला. रक्तवाहिन्यांचीच गाठ, कॅन्सर नाही. कापायची नाही, औषध नाही, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघायची. मी ते पप्पांना सांगितलं. फोन केव्हाच बंद झाला होता, तरी तो कानाला लावून मी जुन्या स्टुलाशेजारी उभी होते. पप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हल आता," ते म्हणाले.