अक्काच्या मेंदूचं वय

बारामतीच्या स्टँडवर माझी बॅग पुण्याच्या गाडीत चढवताना अक्काचा पाय पायरीला अडखळला आणि ती खालीच बसली. नेदरलँड्सच्या विद्यापीठात निघाले होते मी, उशीर होत होता. चिडून म्हणाले, "नीट चालत जा की जरा." लोक बघत होते, याचीच मला जास्त लाज वाटली. आमच्या गावाहून, अंथुर्ण्याहून, मी बाहेर पडले ती अशी.

अक्का माझी थोरली बहीण. डाळिंबाच्या बागेत ऊन चढलं की तिला अंधुक दिसायचं, हाताला मुंग्या यायच्या. सासरच्यांनी कामचुकार ठरवून माहेरी धाडलेली. डॉक्टर अशक्तपणा सांगून सलाईन लावायचे. आई म्हणायची, "मनावर घेतलं तर हुईल बरी." आम्ही सगळेच तसं म्हणायचो.

तिकडे दुसऱ्या वर्षी मला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या प्रकल्पावर घेतलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या नसांच्या आवरणावरच उलटते. एमआरआयवरून मेंदू वयापेक्षा किती म्हातारा झालाय, हे काढणं माझं काम. पहिल्याच आठवड्यात लक्षणं वाचत होते. उन्हात नजर मंदावणं, मुंग्या, पाय ओढला जाणं. पुढं वाचवेना. ही तर अक्का होती.

घरी फोन केला. पुण्यात स्कॅन झाला, निदान तेच निघालं. औषध सुरू झालं, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी स्कॅनच्या फाइली मागवून आमच्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. एकट्या स्कॅनवर भरवसा ठेवायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. तरी घातल्या. अक्का एकोणचाळीसची. उत्तर आलं अठ्ठावन्न.

तिनं विचारलं म्हणून फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एका अंथरुणात निजलो, तवा तुला दिसलं न्हाय. आता मशिनीत दिसलं व्हय?"

माझ्यासारखे बाहेर गेलेले म्हणतात, तुझ्यामुळे निदान तरी झालं. गावातले म्हणतात, पोरीनं नाव काढलं. अक्का यातलं काहीच म्हणत नाही.

मागच्या खेपेला घरी गेले, तेव्हा भिंत धरत धरत तीच चहा घेऊन आली, पाहुण्यांच्या कपात. मी उठायला लागले.

"बस तू," ती म्हणाली. "लांबनं आलीस."

मी बसले. जिथं मला कुणी काम सांगत नाही, ते आता माझं घर.