धोंडूमामा, कारभारी आणि अर्धी शिंक

मामा गेल्याची बातमी मला शिरवळला कळली. आमचा तमाशाचा फड तिथं उतरला होता. दुपारी मला वसुलीवाल्या कमाविसदाराचं सोंग होतं, म्हणून मी गाडीच्या सावलीत बसून मिशा चिकटवत होतो. एवढ्यात मामाच्या पागेतला येसू पुण्याहून चालत आला. अंगभर धूळ, तुटलेलं पायताण हातात. म्हणाला, "सख्या, धोंडूमामा गेलं रे. चार दिस झालं." आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून येसू दोन पावलं मागं सरला. मी म्हणालो, "बरं, मग?" शब्द मामाचे, आवाज मामाचा, शेवटी घशात व्हायची ती खरखरसुद्धा मामाची. मी नक्कल केली नव्हती, देवाशपथ. ती आपली आपण निघाली... आजवर लोकांचे आवाज चोरत आलो, पण चोरलेला आवाज न बोलावता बाहेर आला, असं पहिल्यांदाच झालं. येसू म्हणाला, "आसं नगं करू, लेका." मग मी दिवसभर तोंड उघडलं नाही. कमाविसदार त्या दिवशी मुकाच निघाला, आणि लोक त्यालाही हसले.

त्याला आता दीड महिना झाला. मी सखाराम, मूळचा सासवडचा. पंतोजींच्या शाळेत चार वर्षं धूळपाटीवर मोडी गिरवली, त्यामुळे अक्षर बरं आहे. अक्कल कशी आहे ते पंतोजींना विचारा. ज्याला वाचता येतं त्यानं हे वाचावं, ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवावं. फक्त वाचताना माझा आवाज काढू नये, तो धंदा माझा.

धोंडूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गाव मांजरी, पण जन्म गेला पुण्यात, नारायण पेठेच्या नदीकडच्या अंगाला एका सरदाराच्या पागेत. मोतद्दार होता. घोड्याचा खरारा, दाणापाणी, लीद, सगळं त्याच्या गळ्यात. आई गेल्यावर त्यानं मला सासवडहून आणला. दोन्ही मुली सासरी गेलेल्या, मुलगा नाही, म्हणून घरात मामा, मामी आणि मीच. चावऱ्या घोड्याच्या तोंडात हात घालून अडकलेली काडी काढणारा हा माणूस. मी समजत होतो, ह्याला भीती ठाऊकच नाही. कुणी कितीही घाबऱ्या घाबऱ्या काही सांगत आलं, तरी शांतपणे म्हणायचा, "बरं, मग?" आणि सांगणाऱ्याचंच अवसान जायचं.

एकदा कर्नाटकच्या स्वारीत नदी उतरताना घोडा त्याच्या अंगावर आडवा झाला. पाण्याखाली, घोड्याखाली, उजवा हात लगामात गुंतलेला... तिथं त्यानं गावच्या म्हसोबाला बोकडाचा नवस बोलला. बाहेर निघाला, पण हाताची तीन बोटं कायमची आखडली. घरी आला तेव्हा आमच्या शेळीला नुकतंच करडू झालं होतं. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. मामानं ते उचललं, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि मला म्हणाला, "हे देवाचं. ह्याला नाव ठेवायचं नाही." मी दुसऱ्याच दिवशी ठेवलं. काय करणार? ते अर्धे डोळे मिटून असं रवंथ करायचं, की जणू एखादा कारभारी आपला अर्ज ऐकतोय आणि मंजूर मात्र करणार नाहीये. मग दाढीही आली. कारभारी हेच नाव पडलं. मामा ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचा. पण एकदा मी परसात असताना त्याचा आवाज ऐकला, "या कारभारी, बसा." मी आत गेलो तर म्हणतो, "घोड्याशी बोलत होतो."

घोड्यांच्या चंदीतले भिजवलेले चणे मामा तोबऱ्याच्या, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीच्या, तळाशी मूठभर ठेवायचा आणि ते कारभाऱ्याला मिळायचे. माझ्याकडून. मी ते कमरेच्या शेल्यात बांधायचो, आणि तो नाकानं शेला उसकटून काढायचा. पेठेत त्याची ख्याती झाली. शेजारच्या शास्त्रीबोवांच्या अंगणात वाळत घातलेले सांडगे त्यानं एकदा फस्त केले. शास्त्रीबोवा सोवळ्यातच दारात येऊन उभे. "अहो मोतद्दार, आपल्या चिरंजीवांनी आमचे सांडगे भक्षण केले." मामा म्हणाला, "चिरंजीव न्हवं बोवा, देवाचं जनावर हाय." शास्त्रीबोवा म्हणाले, "असं? मग देवाला सांगा, नैवेद्य दाखवेपर्यंत धीर धरावा." सगळे हसले. मीही हसलो, पण अर्ध्यातच थांबलो. देवाचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पागेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. एका कारभाऱ्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

आता शिंकेचं सांगतो. सासवडचे पंतोजी तपकीर ओढायचे. शिंक यायच्या आधी ते डोळे वर करून नाकानं लांब श्वास घ्यायचे, "आँऽऽ", सगळी शाळा थांबायची, आणि मग तोफ. ही माझी सगळ्यात गाजलेली नक्कल. एकदा पागेत ती करताना माझी थुंकी कारभाऱ्याच्या कानात उडाली आणि त्यानं कानापासून शेपटीपर्यंत सगळं अंग असं झाडलं, की मोतद्दार लोक लीदीत लोळून हसले. मी खूश होऊन त्याला चणे दिले. दुसऱ्या दिवशी परत तेच. महिन्याभरात असं झालं, की शिंक लागायचीच नाही. मी नुसता "आँऽऽ" करून श्वास ओढला, की कारभारी अंग झाडायचा आणि चण्यासाठी कमरेला नाक लावायचा. पुण्यात असला खेळ कुणाकडे नव्हता. आपण काय शिकवून ठेवलंय, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

चैत्र आला. मामानं मला बोलावलं, आखडलेला हात पुढं केला आणि म्हणाला, "ह्या हातानं सुरा धरवत नाही. आपल्यात नवस ज्या घरचा, हात त्याच घरचा. दुसऱ्याचा चालत नाही." मी म्हणालो, "मामा, मी कोंबडीसुद्धा कधी..." तो म्हणाला, "बरं, मग?" आठ दिवस मी परसात केळीच्या खुंटांवर सुरा चालवायला शिकलो. एका घावात झालं पाहिजे, दुसरा घाव म्हणजे जनावराचे हाल आणि देवाचा राग. मी घाव घालायचो, खुंट पडायचा, आणि कारभारी येऊन त्याची पानं खायचा. माझ्या शेजारी उभा राहून, अर्धे डोळे मिटून. मला जेवण जाईनासं झालं. मामीनं विचारलं तर मी शास्त्रीबोवांच्या आवाजात सांगितलं, "आज आमचा उपवास आहे हो." ती हसली आणि भाकरी उचलून घेतली. तिला खरं कळलं नाही, की कळूनही... कोण जाणे.

मांजरीला पहाटे निघालो. कारभाऱ्याला दावं लावावंच लागलं नाही. तो माझ्या मागं मागं आला. पेठा संपल्या, हडपसरची शेतं लागली, आणि मी मनातल्या मनात त्याला सांगत होतो, पळ. लेका, एवढं रान आहे, पळ की. तो रस्त्याकडेचा पाला खायला थांबायचा आणि मी लांब गेलो असं दिसलं की धावत यायचा. मनातलं ते मामाला ऐकू जाईल म्हणून मी वाटभर बडबड केली. सुभेदाराचा घोडा, तेलिणीचं भांडण, सगळ्या नकला केल्या. मामा एकदाही हसला नाही. तेव्हा वाटलं, माझ्यावर चिडलाय.

म्हसोबाचा शेंदरी दगड बांधावरच्या लिंबाखाली. भावकी जमलेली, चुली मांडलेल्या. आमच्यातली रीत अशी, की जनावराच्या पाठीवर हळदीचं पाणी ओतायचं आणि वाट बघायची. त्यानं अंग झाडलं, म्हणजे देवानं मान्य केलं. नाही झाडलं तर सुरा उचलायचा नाही. दिवस मावळेपर्यंत थांबायचं, आणि तरी नाही झाडलं तर जनावर घरी न्यायचं, नवस तसाच डोक्यावर. म्हसोबाच्या भगतानं पाणी ओतलं. कारभारी उभा. पाणी पोटाखालून ठिबकतंय, आणि तो माझ्याकडे बघतोय. परत ओतलं. परत उभा. मी हातात सुरा धरून मनात म्हणत होतो, शाबास. असाच राहा. सावल्या लांब झाल्या. मग एक म्हातारा म्हणाला, "धोंड्या, द्येव रुसलाय जनू." दुसरा म्हणाला, "बोलताना कायतरी चुकलं आसंल." मामी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

आणि मी मामाकडे बघितलं. चावऱ्या घोड्याच्या तोंडात हात घालणारा माझा मामा... त्याचे ओठ पांढरे पडले होते. आखडलेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला. त्या नदीत तो असाच दिसला असेल. मला कारभाऱ्यासाठी भीती होती, सुऱ्याची होती, देवाची होती, पण मामाला घाबरलेला बघायची जी भीती वाटली तिच्यापुढं ती सगळी फिकी पडली. घरातला एकच खांब, आणि तो हलताना दिसावा. ते थांबावं, एवढंच मला कळत होतं. मी मान खाली घातली आणि नाकानं श्वास ओढला. "आँऽऽ". अगदी हळू.

कारभाऱ्यानं कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

"झाडलं! झाडलं!" हलगी कडाडली. आणि तो पुढं आला, त्यानं माझ्या कमरेच्या शेल्याला नाक लावलं. चणे मागत होता. शेल्यात काहीच नव्हतं... भगतानं त्याची मान खाली केली, आणि मी डोळे उघडे ठेवून सुरा चालवला, कारण मिटले असते तर घाव चुकला असता. एका घावात झालं. लोकांनी पाठ थोपटली. मला कमरेपाशी तो ओला, गरम श्वास लागतच होता. मी तिथल्या विहिरीवर शेला धुतला, पिळला, परत धुतला. पंगत बसली तेव्हा मी लिंबामागं ओकत होतो.

त्यानंतरचं वर्ष मी भीत भीत काढलं. देवाचा कौल मी चोरला होता. देव शिक्षा करणारच, आणि नवस मामाचा, म्हणजे शिक्षाही मामालाच. त्याला ठेच लागली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. घोडा नुसता फुरफुरला तरी मी धावायचो. मग पुढच्या पावसाळ्यात मामाला खोकला लागला, तो सुटेना. मला ते बघवेना, म्हणून मी फडात पळालो. लोक म्हणाले, पोराला तमाशाचा नाद लागला. लागू दे म्हटलं.

दसऱ्यानंतर एकदा भेटायला गेलो. तीच शेवटची भेट. मामा पागेच्या भिंतीला टेकून उन्हात बसला होता, हाडं वर आलेली, मांडीवर तोबरा. घोड्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं, तरी तोबरा सोडवत नव्हता. मग म्हणाला, "तुझा श्वास ऐकला होता मी. म्हसोबापुढं."

कसाबसा बोललो, "मग थांबवलं का नाहीस?"

"सुटलो, असं वाटलं रे." तो तोबऱ्याच्या दोरीशी चाळा करत होता. "लई भ्यालो होतो त्या घटकेला. नदीत भ्यालो त्याच्यापेक्षा. तू काय केलंस ते कळलं, आणि बोलायचं धाडस झालं नाही. कारभारी तुझ्या कमरेला लागला ते बी बघितलं." मग खोकला आला. थांबल्यावर त्याच्या डोळ्यांत जुनं मिष्कील काहीतरी दिसलं. "पाप लागलं असलं तर अर्धं माझं. अख्खा बोकड एकट्यानं खायचा नसतो."

मी हसलो. तोही हसला. त्या क्षणी दीड वर्षाचं ओझं उतरलं, आणि मी निर्धास्त होऊन शिरवळला गेलो. पंधरा दिवसांत येसू आला. तेव्हापासून एकच विचार मानगुटीवर बसलाय. अर्धं माझं म्हणाला... पण मामाची सवय मला माहीत होती. ताटातलं अर्धं अर्धं म्हणायचा आणि मला सगळं वाढायचा. हे मात्र उलटं झालं नाही ना? माझ्या वाटचंही तोच घेऊन गेला नाही ना? कुणाला विचारू? शास्त्रीबोवांना विचारलं. ते म्हणाले, "बोकडाच्या पापाचा हिशेब आमच्या पोथीत नाही." आणि मग, "जेवून जा," म्हणाले. ओसरीवर पान मांडलं, त्यावर सांडगे होते.

आता मी पागेमागच्या मामाच्या खोलीतच आहे, मामीसोबत. तोबरा खुंटीला आहे. कारभाऱ्याच्या आईचं ह्या खेपेचं करडू आहे, तांबूस. ते कुठल्या देवाला बोललेलं नाही, म्हणून त्याला नाव ठेवायला कुणाची हरकत नाही, आणि मला काही सुचत नाही. पंतोजींची नक्कल मी सोडली. फड जवळपास उतरला की जातो, लोक ओरडून मागतात, मी दुसरं काहीतरी करून वेळ मारून नेतो.

परवा तोबरा खुंटीवरून काढला तर आतली धूळ नाकात गेली. दाबायच्या आधीच लांब श्वास आत ओढला गेला, आणि शिंक आली. खरी शिंक, माझी. करडू समोरच उभं होतं. मी डोळे गच्च मिटून घेतले. काही ऐकू येतंय का, कानांची फडफड, अंगाची सळसळ... काही नाही. उघडले तर ते तसंच उभं, माझ्याकडे बघत, जरासुद्धा न हललेलं. मी तोबऱ्याच्या तळाशी हात घातला. मामानं शेवटचे ठेवलेले चणे अजून होते, वाळून खडे झालेले. ते भिजत घातले. सकाळी फुगले तेव्हा सगळेच्या सगळे त्याला दिले... न हलल्याबद्दल.